हुपेरेफानोस म्हणजे कोण?

काका आमच्या शेजारी राहायला आले त्याला आता सात-आठ वर्षं झाली. ते निवृत्त पाळक. परभणीच्या आसपासच्या खेड्यांत लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या आहेत, कुठे दहा घरांची, कुठे पाचच घरांची. त्यांच्या रविवारच्या उपासना चालवत सायकलवर फिरण्यात काकांचा जन्म गेला. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. मूळचा पेडगावचा, तिथली शेती धाकटा भाऊ बघतो. आमच्या दोघांत देवाधर्माचा वाद कधी झाला नाही. वाद झाला तो शब्दांवरून.

एका सकाळी ते फाटक लोटून आत आले. हातात जाड पुठ्ठ्याची वही होती. मी आणि बायको ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो.

"सर, एक काम हाय तुमच्याकडं," ते म्हणाले. "जरा शुद्धलेखन बगून पाहिजे."

वहीत त्यांनी शब्द गोळा केले होते. बायबलच्या मराठी भाषांतरात येतात, रोज कानावर पडतात, पण खेड्यातल्या माणसाला नीट उमगत नाहीत असे शब्द. प्रत्येकाखाली मूळ ग्रीक शब्द देवनागरीत लिहिलेला आणि त्याखाली अर्थ. ग्रीक ते पन्नाशी उलटल्यावर शिकले होते, त्याचं मला फार कौतुक वाटलं. पण अर्थ वाचायला लागलो आणि कौतुक ओसरलं. सगळं आमच्याकडच्या बोलीत होतं. आमी, तुमी, लय, न्हाई. 'देव वाट बगायलाय.' मी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि लाल पेन शोधायला उठलो.

चार दिवसांत मी ती वही रंगवून काढली. 'आमी'चं 'आम्ही' केलं, 'लय'चं 'फार' केलं, 'बगायलाय' खोडून 'पाहत आहे' लिहिलं. काकांनी पानं उलटली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुमचं बरोबरच असंल, सर. पण हे वाचणार कोण? लोक वाचणारच न्हाईत. ऐकणार हायेत. झरीला, पिंगळीला एक जण वाचंल आन् बाकीचे ऐकतील."

"म्हणून काय अशुद्ध छापायचं?"

"छापायचं कुठं? झेरॉक्स काढायच्यात."

मी हसलो नाही. या बाबतीत मला हसू येत नसे. पेडगावहून कॉलेजला मोठ्या शहरात गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून मी म्हणालो होतो, 'ही कविता मला लय आवडली.' अख्खा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले, प्रेमानं हसले असतील, पण हसले. त्या वर्षभरात मी माझ्या बोलण्यातून पेडगाव असं काढून टाकलं की सुट्टीत घरी गेलो तर वडील म्हणाले, पाहुण्यासारखा बोलायलास. ती मला शाबासकी वाटली होती. पुढे तीस-बत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांतून 'लय' खोडत आलो.

पुढे वाद न घालता काकांनी माझी लाल शाई मान्य केली. फक्त एका शब्दापाशी ते थांबले. तिथे त्यांनी स्वतःच पान कोरं सोडलं होतं. वर शब्द होता 'गर्विष्ठ', खाली 'हुपेरेफानोस', आणि मग नुसती जागा.

"इथं मी अडलोय बगा," ते म्हणाले. "गर्विष्ठ म्हणलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं दुसराच कुणीतरी येतो. मोठ्या गाडीवाला येतो, पुढारी येतो. इतक्या वर्षांत एक बी माणूस मला म्हणला न्हाई की पाळकसाहेब, हे माझ्याविषयी हाय."

"मूळ शब्दाचा अर्थ काय?"

त्यांनी वहीच्या समासात शब्द फोडून दाखवला. हुपेर म्हणजे वर. पुढचा भाग दिसणं किंवा दाखवणं या अर्थाच्या धातूवरून आलेला. दोन्ही जोडले की दुसऱ्यांच्या वर दिसू पाहणारा.

"मोठं असण्याबद्दल न्हाई हे," काका म्हणाले. "वर दिसण्याबद्दल हाय. आन् गंमत ऐका. लय जुन्या ग्रीकमधी हाच शब्द कवा कवा चांगल्या अर्थानं बी यायचा. देखणं, भव्य, असा."

"मग बिघडला कधी?"

"ते काय मला सापडलं न्हाई."

मी म्हणालो, "हा शब्द माझ्यावर सोपवा."

दोन दिवस मी त्यावर बसलो. गर्व, दर्प, अहंकार, उन्माद यांच्यातल्या छटा वेगळ्या केल्या. माज आणि गुर्मी हे शब्द गावठी म्हणून वगळले, घमेंड आणि मगरुरी बाहेरून आलेले म्हणून वगळले. दीड पानाचा मजकूर तयार झाला. त्यातलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'आत्मश्रेष्ठत्वाच्या भ्रामक जाणिवेतून परजनांप्रति उद्भवणारी अवहेलनायुक्त मनोवृत्ती धारण करणारा तो हुपेरेफानोस होय.' काकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "शनिवारी पिंगळीला जायचं का? तिथं वाचून बगू."

पिंगळी काकांचं जन्मगाव. त्यांच्या जुन्या घराला लागून एका मेंढपाळ कुटुंबाचं घर आहे. थोडीशी कोरडवाहू जमीन, पन्नासेक मेंढरं, चार शेरडं, आणि हंगामात दुसऱ्यांच्या शेतात मजुरी. त्या घरच्या थोरल्या बाईला सगळं गाव आक्का म्हणतं. पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ, आवाज मात्र रेल्वे फाटकापर्यंत जाईल असा. घर हिंदू, अंगणात तुळस, भिंतीवर खंडोबा. पण काका दर पंधरा दिवसांनी त्यांच्या अंगणात बसून वहीतला एखादा शब्द वाचून दाखवत. आक्काला कळला तर तो शब्द पास, असा त्यांचा हिशेब. तिला त्याची सवय झाली होती. मजा वाटत असावी.

माझ्या स्कूटरवरून आम्ही गेलो. कापसाची वेचणी संपत आली होती, त्यामुळे बायका दुपारी घरीच होत्या. आक्का, तिची धाकटी सून आणि शेजारच्या तिघी जणी. सून चुलीपाशी भाकरी थापत होती. दहावी झालेली, नवी नवी आलेली, सासूसमोर फारसं न बोलणारी. आम्हाला बाजेवर बसवलं. काका म्हणाले, "आज सर वाचणार हायेत."

मी वाचलं. उभं राहून वाचलं. बसून वाचावं हे मला सुचलंच नाही. विरामचिन्हं सांभाळत, जोडाक्षरं ठळक उच्चारत, शाळेत स्नेहसंमेलनाला वाचायचो तसं. दीड पान संपलं तेव्हा एक कोकरू तेवढं ओरडलं.

"लय गोड वाचलं," शेजारची एक म्हणाली.

काकांनी विचारलं, "काय समजलं, बाई?"

आक्कानं पदर सावरला. तिनं खरंच विचार केला. टिंगल तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

"सर लय शिकलेले हायेत," ती म्हणाली. "येवढं समजलं."

आधी काका हसले. मग शेजारणी. मग चुलीपाशी सून तोंडाला पदर लावून हसली आणि तिची भाकरी करपली. आक्का गोंधळून सगळ्यांकडे बघत होती. "कामून हसायलाव? खोटं हाय का काय?" काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मीही हसल्यासारखं केलं. परतीच्या वाटेवर काका मागे बसून दोन-तीनदा काहीतरी बोलले. मला वाऱ्यात ऐकू येत नाही असं मी दाखवलं.

त्यानंतर पाच दिवस मी शेजारी गेलो नाही. सकाळी फिरायला जायची वाट बदलली. बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. तिनं सगळं काढून घेतलं आणि म्हणाली, "पण त्या बाईनं वाईट काय म्हटलं? शिकलेले आहात असंच म्हणाली ना?"

"ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

मी वर्तमानपत्र उघडलं. सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं. मी दीड पान लिहून जो शब्द समजावून सांगायला गेलो होतो, तो त्या अंगणात कुणालाच दिसला नव्हता. मी तेवढा दिसलो होतो.

सहाव्या दिवशी काकाच आले. पिशवीत जांब होते, म्हणजे पेरू. त्यांच्या परसातल्या झाडाचे. बाजूला बसून त्यांनी एक फोडला, अर्धा मला दिला. त्या दिवशीच्या हसण्याचा विषय काढला नाही.

"सर, तुमाला एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "मी ग्रीक शिकून आलो ना, त्या वर्षीची गोष्ट."

तेव्हा आसपासच्या मंडळ्यांचा एक मेळावा होता. एक म्हातारे उपदेशक बोलायला उभे राहिले. पाचवीपर्यंत शिकलेले, पण बोलायला लागले की बाया-माणसं हातातलं काम सोडून ऐकत. त्यांनी एका शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला. काका तिथल्या तिथे उभे राहिले आणि सगळ्यांसमोर तो दुरुस्त केला. मूळ शब्द सांगितला, धातू सांगितला, व्याकरणही सांगितलं.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या, सर. मला. आन् ते म्हातारबाबा म्हणले, बरोबर हाय बाबा तुमचं. असं म्हणून खाली बसले. त्यांचं बोलणं अर्धंच राहिलं होतं."

"मग?"

"मंग काय? ते पुन्हा कवा बोलायला उभेच राहिले न्हाईत. उपासनेला यायचे, मागं भिंतीला टेकून बसायचे. कुणी लय आग्रह केला तर म्हणायचे, आता शिकलेले लोक हायेत की."

आपला अर्धा जांब काकांनी अजून तसाच मुठीत धरला होता. "मला ते उमगायला सात-आठ वर्षं लागली. मंग गेलो त्यांच्या घरी. तवर त्यांचे कान गेले होते. माफी मागायला आलोय म्हून मला ओरडून सांगावं लागलं. एकदा, दोनदा, तीनदा. गल्लीतले लोक गोळा झाले. मी सगळ्यांपुढं ओरडायलोय, माझं चुकलं, माझं चुकलं! आन् त्यांनी माझा हात धरला आन् इचारलं, जेवलास का?"

आम्ही दोघेही हसलो. मग मला वाटलं आता आपणही बोलावं. जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

नोकरी लागली त्या वर्षी शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना मी पेडगावला घरी नेलं होतं. हुरडा खायला. आई हरखली होती. त्यांच्यासाठी ती पुढे पुढे करत होती, शेतातल्या गमती सांगत होती, आणि ते दोघेही रमून ऐकत होते. आई गोष्टी फार रंगवून सांगायची. मध्येच ती म्हणाली, "थांबा, च्या ठेवते." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, च्या नाही, चहा. चहा म्हण." तिनं माझ्याकडे पाहिलं. "चहा," असं म्हणाली आणि आत गेली. चहा आला, पण गोष्ट पुढे झाली नाही. त्यानंतर माझ्याबरोबर कुणी पाहुणा आला की आई फक्त हसायची, मान डोलवायची. बोलायची नाही. ती असेपर्यंत असंच चाललं.

हे सांगताना माझं लक्ष नव्हतं, बायको कप घेऊन दारात येऊन उभी होती. तिनं कप ठेवले आणि म्हणाली, "मला माहीत आहे ते."

"कसं?"

"त्यांनीच सांगितलं होतं. आपल्या लग्नानंतर लगेच."

"काय म्हणाली?"

"रागानं नाही हो. म्हणाल्या, माझं पोरगं नवं नवं नोकरीला लागलं होतं, त्याला आपल्या लोकांत नीट दिसायचं होतं. म्हून मी गप बसायले, त्याला बरं पडतंय."

काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बायको आत निघून गेली, बहुधा मला सावरायला वेळ मिळावा म्हणून. थोड्या वेळानं काका वही काढत म्हणाले, "लिवता का? मी सांगतो."

"तुम्ही नका सांगू," मी म्हणालो. "मीच लिहितो."

ते पान लिहायला मला दीड पानापेक्षा जास्त वेळ लागला. 'न्हाई' लिहिताना हात अडखळायचा. इतक्या वर्षांची सवय होती, मधला 'ह' दिसला की पेन आपोआप खोडायला धावायचं. शेवटी मी डोळ्यांपुढे आई आणली आणि ती सांगेल तसं लिहीत गेलो.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा पिंगळीला गेलो. तेच अंगण, तीच बाज. या वेळी मी बसून वाचलं.

'हुपेरेफानोस म्हणजे दुसऱ्याच्या वर दिसाया बगणारा माणूस. त्याला मोठं व्हायचं नसतंय, मोठं दिसायचं असतंय. आन् आपण मोठं दिसावं म्हून तो जवळच्या माणसाला गप करतोय. तो परका असंल असं न्हाई. तो घरातला बी असतोय.' आणि त्याखाली एक मास्तर, त्याची आई, दोन पाहुणे आणि च्या. गोष्ट कुणाची हे लिहिलं नव्हतं. पण वाचताना 'त्याची आई'च्या जागी माझ्या तोंडून 'माझी आई' निघालं, आणि अंगणातल्या सगळ्यांना कळलं.

काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. आक्का जमिनीकडे बघत काडीनं रेघा ओढत होती. मग ती म्हणाली, "माझं बी हाय तसं."

"काय, बाई?"

"औंदा पावसाळ्याच्या तोंडाला ही म्हणली," तिनं मानेनं चुलीकडे, सुनेकडे खूण केली, "दवाखान्याची लस आलीय गावात, मेंढरांना टोचून घ्या. मी म्हणलं, तुला काय कळतंय? माझे केस मेंढरात पांढरे झाले. बायका बसल्या होत्या चार, त्यांच्यापुढं म्हणलं. तुझ्या शाळेत मेंढरं शिकवली होती का, असं म्हणलं. बायका हसल्या. मला बी बरं वाटलं." तिनं हातातली काडी मोडली. "मंग पावसात नऊ कोकरं गेली. हिनं एक शब्द काढला न्हाई. मी म्हणलं गावात, औंदा रोगच लय वाईट होता."

सुनेचे हात परातीत तसेच थांबले होते.

"तुझं बरोबर होतं, माय," आक्का म्हणाली. तिचा तो रेल्वे फाटकापर्यंत जाणारा आवाज इतका खाली आला होता की शेजारच्या बाईला ऐकायला वाकावं लागलं. "मला तवाच कळलं होतं. म्हणवंना झालं होतं."

सुनेनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले, त्यामुळे गालाला पीठ लागलं. मग म्हणाली, "आत्याबाई, च्या ठेवू का?"

"ठेव की. समद्यांना ठेव."

मी मान खाली घातली. काकांनी वहीत त्या पानाच्या कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण केली. शब्द पास झाला होता.

त्या वहीच्या झेरॉक्स आता झरी, पिंगळी आणि आणखी चार-दोन गावांत फिरतात. बाकीच्या पानांवरची माझी लाल शाईही मी मागे घेतली. म्हणजे सगळी नाही. दोन-तीन ठिकाणी मी अजून अडून बसलोय, आणि काका मला अडू देतात. माझी सवय काही एका शनिवारात गेली नाही. परवाच भाजीवाल्याच्या पाटीवरचं 'कोथींबीर' मी मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि मग बायको बघतेय का ते पाहिलं. ती बघत होती. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारी मी त्यांना वाचून दाखवतो. सध्या सहनशीलतेवर गाडी अडली आहे. काकांना पाहिजे ती छटा आमच्या बोलीत कुठल्या शब्दात आहे ते सापडत नाही. त्यावरून आमचं रोज भांडण होतं, आणि काकांच्या घरच्या काकू दोघांनाही निवडायला मेथी देऊन बसवतात.

या वर्षी पावसाच्या आधी आम्ही पिंगळीला गेलो, तेव्हा आक्काच्या दारात गडबड चालली होती. दवाखान्यातून आलेली बाई मेंढरांना लस टोचत होती. टोचून झालेल्या मेंढराच्या पाठीवर सून लाल रंगाचा पट्टा ओढत होती, आणि आक्का एकेक मेंढरू मानेला धरून पुढे आणत होती. आम्हाला तिनं नुसतं मानेनंच 'बसा' म्हटलं, हात रिकामे नव्हते.

"आत्याबाई, नीट धरा, हलायलंय ते," सून म्हणाली.

"धरलंय की!" आक्का ओरडली, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी. "आन् रंग जरा कमी लाव. मेंढरं हायेत का होळी हाय?"

सून हसली आणि तिनं आणखी जाड पट्टा ओढला. आक्कानं ते मेंढरू सोडलं, पदरानं तोंड पुसलं आणि पुढचं धरायला गेली.